बोली शिकायची कोणी?

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या बाजारात धान विकायला येणारा पोवार शेतकरी घरी पोवारी बोलतो, अडत्याशी हिंदी, शेजाऱ्याशी झाडीबोली आणि तहसील कचेरीत जमेल तशी प्रमाण मराठी. सेनेगलमधल्या झिगिंशोरसारख्या शहरात जोला, मंडिंका, वोलोफ अशा भाषांतून लोकांची रोज ये-जा चालते, तसाच हा व्यवहार. त्याचे कौतुक मात्र कोणी करत नाही, कारण ती गरज समजली जाते. गरज नेहमी त्या शेतकऱ्याचीच का असावी, हा माझा प्रश्न आहे. नोकरीनिमित्त भंडाऱ्यात आलेल्या शिक्षकाने, डॉक्टरने, तलाठ्याने इथली बोली शिकली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

‘मराठी सगळ्यांनाच कळते,’ हे पहिले उत्तर येते. कळते, हे खरे. पण सातबारावरची चूक दाखवताना किंवा पोटातले दुखणे सांगताना नुसते कळून भागत नाही. नेमके बोलता यावे लागते. शब्द अडला की माणूस गप्प बसतो, आणि समोरच्याला वाटते की सगळे समजले. शाळेत तर नुकसान फार लवकर सुरू होते. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘र’. मूल ‘डोळा’ऐवजी ‘डोरा’ म्हणते ते नियमाने म्हणते. तो नियम ठाऊक नसलेल्या गुरुजींना त्यात फक्त अशुद्धपणा दिसतो. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचनेत भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आणले आणि अल्पसंख्य भाषक मुलांसाठी मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या; पोवारी वा गोंडी बोलणाऱ्या मुलाच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले.

‘तीन वर्षांत बदली होते, मग शिकून काय उपयोग?’ हा आक्षेप मला लंगडा वाटतो. मराठी येणाऱ्याला झाडीबोली कानावर बसायला तीन वर्षे लागत नाहीत. गोंडीची गोष्ट वेगळी. ती द्राविड कुळातली, तिला वेळ द्यावाच लागेल. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: साहेब बोलीत बोलू लागला तर लोकांना ती चेष्टा वाटेल. नाटक-मालिकांनी वैदर्भी बोलीचे जे हसे केले, ते पाहता ही धास्ती खोटी नाही. म्हणून आधी ऐकायला शिकावे. बोलण्याची घाई नको. साधने तर हाताशीच आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा शब्दकोश केला आहे, तिची साहित्य संमेलनेही भरतात. नव्या शिक्षकाच्या प्रशिक्षणात या कोशासाठी दोन दिवस सहज काढता येतील.