हौदातले गप्पी आणि टीपॉयवरचा बाऊल

गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर निळ्या रंगात एक ओळ रंगवलेली असायची: ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा.’ ऐंशीच्या दशकात तालुक्याच्या ठिकाणी वाढलेल्या आमच्या पिढीला मासे पाळण्याचा पहिला सल्ला मिळाला तो असा. सल्ला सरकारी आणि मासे फुकट. हिवतापवाला डबा घेऊन यायचा, विहिरीत आणि गोठ्यामागच्या हौदात ओंजळभर गप्पी सोडायचा, गेरूनं भिंतीवर तारीख लिहायचा आणि पुढच्या वाड्याकडे निघायचा.

तो गेला की आमचं राज्य. चहाची फुटकी गाळणी, हॉर्लिक्सची रिकामी बाटली आणि हौदाच्या कठड्यावर पोट टेकवून वाकलेली तीन-चार पोरं. गप्पीचा नर जेमतेम नखाएवढा, पण शेपटीजवळ नारिंगी-निळ्या ठिपक्यांची चैन. मादी त्याच्या दुप्पट आणि राखाडी. तिच्या पोटामागे एक काळसर डाग असतो. तो गडद झाला आणि पोट चौकोनी दिसू लागलं की पिल्लं आलीच समजायचं. अंडी नाहीत, थेट पोहणारी पिल्लं. जन्मल्या क्षणी ती शेवाळात पळायची, कारण पहिला धोका खुद्द आईपासून. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, हौदाशी दुपारी घालवून कळलं होतं.

बाटलीतले मासे दोन दिवसांत मलूल व्हायचे. मग आजी ओरडायची, ‘‘मुक्या जिवाला कशाला कोंडलंय रे? सोड जा हौदात.’’ सोडले की पुन्हा तरतरीत. त्या हौदाला ना पंप ना फिल्टर. खायला घालायचं तर आमच्या कणकेच्या गोळ्या, त्याही आठवण झाली तर. तरी गप्पी पिढ्यान्‌पिढ्या सुखात. तेव्हा वाटायचं, हौदाला देवाचा हात आहे. खरं कारण साधं होतं. पाणी शेकडो लिटर, मासे इवलेसे, भिंतींना हिरवं शेवाळ, वर ऊन आणि डासांच्या अळ्यांचं जेवण रोजचं. माशाच्या घाणीतून अमोनिया सुटतो आणि तो त्यालाच विषासारखा बाधतो. हौदाच्या बुळबुळीत भिंतींवरचे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी असं नायट्रेट करत होते, ते शेवाळ खात होतं. कमी देखभालीचा मासा म्हणतात तो हाच. फक्त देखभाल हौद करत होता.

याच्या उलट आमच्या गावातल्या एका दवाखान्यातली काचेची पेटी. लोखंडी अँगलची चौकट, काचेच्या कडांना लांबी भरलेली, कोपऱ्यातून कायम टिपकणारी. आत उघडझाप करणारा प्लॅस्टिकचा शिंपला आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या. इंजेक्शनच्या भीतीनं रडणारी पोरं तिच्यासमोर गप्प बसायची, एवढी तिची किंमत होतीच. पण दर रविवारी कंपाउंडर सगळं पाणी ओतून काचा, वाळू, शिंपला घासून लख्ख करायचा आणि मंगळवारपर्यंत एखादा गोल्डफिश उलटा तरंगायचा. घासण्यानं जीवाणूही धुऊन जातात हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पेशंट म्हणायचे, नजर लागली. पुढे वास्तू आणि फेंगशुईचं वारं आलं, आठ सोनेरी आणि एक काळा असे मासे दिवाणखान्यात आले. मग मासा मेला की ‘घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं’ असं म्हणायची सोय झाली. दरमहा एवढी संकटं कुठल्या घरावर येतात, हे विचारायचं नाही.

आता ठाण्यात राहणाऱ्या माझ्या भाचीचा फोन येतो. ‘‘मामा, याला काहीतरी पाळायचंच आहे. कुत्रा सोसायटीत चालणार नाही, मांजराची मला अॅलर्जी. कमी कटकटीचा मासा सांग ना.’’ पोरगा सात वर्षांचा. त्यानं मोबाईलवर आधीच सगळं बघून ठेवलेलं. दुकानात गेलं की पुढ्यात येतो तो काचेचा गोल बाऊल, तळाशी गुलाबी-निळे खडे आणि आत एक गोल्डफिश. टीपॉयवर शोभतो, जागा अडवत नाही, स्वस्त पडतो. आणि मुलासाठी याहून वाईट निवड दुसरी नाही.

गोल्डफिश हा कार्पच्या कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा नातेवाईक. धड जागा मिळाली तर साधा, सरळ शेपटीचा गोल्डफिश वीतभर वाढतो आणि दहा वर्षं सहज जगतो. खातो भरपूर, घाण करतो त्याहून भरपूर, आणि त्याला पाणी थंड लागतं. मे महिन्यात ठाण्याच्या फ्लॅटमध्ये पाणी कोमट होतं, कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि चार लिटरच्या बाऊलमध्ये अमोनिया झपाट्यानं वाढतो. मासा वर येऊन तोंड उघडमीट करतो, पोराला वाटतं तो बोलतोय.

‘‘मग फायटर?’’ भाचीचा पुढचा प्रश्न. हा त्यातल्या त्यात बरा. थायलंडच्या भातखाचरांतला हा मासा वर येऊन हवेतून थेट श्वास घेऊ शकतो, म्हणून दुकानदार त्याला प्लॅस्टिकच्या ग्लासात विकू शकतो. ग्लासात तगतो म्हणजे तिथे सुखात असतो असं नव्हे. पंधरा-वीस लिटर पाणी आणि झाकण द्या (उडी मारतो), सोबतीला दुसरा नर चुकूनही नको. माणूस काचेजवळ आला की पुढे येतो, त्यामुळे लहान मुलाशी त्याचं जमतं.

पण मी भाचीला सांगितलं ते गप्पीच. तोच हिवतापवाल्याचा मासा, फक्त आता पंख्यासारखी शेपटी मिरवणारा. सहा-सात नर घे, मादी एकही नको. दुकानातली मादी बहुधा गाभण असते आणि पुढे नर नसला तरी काही महिने पिल्लं देत राहते. मग कटकट कमी कुठली? गप्पीला जड पाणी मानवतं, त्यामुळे बोअरवेलचं पाणीही चालतं. मुंबई-कोकणात हीटर लागत नाही, नाशिक-पुण्याच्या थंडीत लागेल.

टाकी मात्र दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. साधारण ५५ लिटरची. ती टीपॉयवर ठेवायची नाही, पाणीच ५५ किलोचं होतं. ‘‘एवढी मोठी?’’ भाची म्हणाली. मोठी म्हणूनच सोपी. छोट्या पाण्यात एका दिवसाची चूक मासा मारते, मोठ्या पाण्यात आठवड्याची निभते. इथे आजचा काळ त्या काळाहून खरंच सरस आहे. तेव्हा लांबी गळायची, आता सिलिकॉननं जोडलेली काच वर्षानुवर्षे टिकते. हौदाच्या भिंतीचं काम आता स्पंजचा साधा फिल्टर करतो. तोही नळाखाली घासायचा नाही, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा. आठवड्याला एक बादली पाणी काढायचं आणि तेवढंच घालायचं. क्लोरीन उडावं म्हणून नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवायचं, नाहीतर दुकानात मिळणारे थेंब टाकायचे. दोन मिनिटांत संपेल एवढीच चिमूट खायला. मासे मरतात ते उपासानं क्वचित, लाडानं जास्त.

सात वर्षांच्या मुलाचा वाटा त्या चिमटीपुरता. बादली आईबाबांची. आमच्या वेळी हौदापाशी हाक मारायला आजी होती, आता तिच्या जागी कुणीतरी मोठं माणूस हवंच. ‘पोराला जबाबदारी कळावी’ म्हणून मासा आणून बाजूला होणाऱ्या आईबापांना माझा सल्ला आहे की झाडाची कुंडी आणा.

दुकानदार सोबत एक ‘सकर’ गळ्यात मारेल, टाकी साफ करतो म्हणून. घेऊ नका. तो फूटभर वाढतो, टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला नदी-तलावात सोडतात. उजनीच्या जलाशयात मच्छिमारांच्या जाळ्यात तो असाच येऊ लागला. जाळी फाडतो आणि बाजारात कुणी घेत नाही. भडक जांभळे-हिरवे काचमासेही टाळा, त्यांना सुईनं रंग टोचलेला असण्याची शक्यता असते.

टाकी भरून फिल्टर सुरू करा, रोज किंचित खाद्य टाकत चार ते सहा आठवडे नुसती चालवा आणि मगच मासे आणा, तेही एकदम सगळे नकोत. पोरगं रोज विचारेल, ‘मासे कधी?’ विचारू द्या. आणि कधी कंटाळा आलाच तर मासे ओढ्या-नाल्यात सोडू नका, दुकानदाराला परत द्या. बहुतेक जण घेतात.