घड्याळ पारखताना

नवे घड्याळ घेणे ही काही फारशी अवघड गोष्ट नाही. खिशात पैसे असावेत, दुकान बऱ्यापैकी असावे आणि बरोबर आलेल्या मंडळींना घरी परतायची घाई असावी. एवढ्यावर काम भागते. दुकानदार छापील गॅरंटी हातावर ठेवतो आणि आपण पेटी बगलेत मारून बाहेर पडतो. जुन्या घड्याळाचे तसे नाही. त्याची गॅरंटी देणारा गृहस्थ बहुधा केव्हाच कैलासवासी झालेला असतो. समोर बसलेला विक्रेता सांगतो ते सारे खरे मानले, तर आपल्या देशात संस्थानिकांची संख्या दरडोई एक तरी होती असे म्हणावे लागेल. नवी वस्तू दुसऱ्याच्या शब्दावर घेता येते. जुनी मात्र स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवूनच घ्यावी लागते.

"वेळ तर मोबाइलवरही दिसते," असे आमच्या सौ. मला वरचेवर ऐकवतात. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीला आणले, आणि त्या दिवसापासून चावीच्या घड्याळाची व्यावहारिक गरज संपत चालली. पण माणसाचा स्वभाव असा चमत्कारिक की, वस्तू कामाची असते तोवर तो तिला वापरतो आणि बिनकामाची झाली म्हणजे तिच्यावर प्रेम करू लागतो. पानाचा डबा, पितळी बंब, फिरकीचा तांब्या ही सारी मंडळी स्वयंपाकघरातून हद्दपार झाल्यावरच दिवाणखान्यात मानाने येऊन बसली. घड्याळाचे तेच झाले.

मराठीच्या प्राध्यापकाने या फंदात का पडावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, हे काम मराठीच्या प्राध्यापकाचेच आहे. जुनी पोथी हाती आली म्हणजे आम्ही काय पाहतो? कागद कोणत्या काळचा, शाई कोणती, अक्षर एकाच हातचे की मध्येच कोणी लेखणी बदलली, आणि मूळ ग्रंथात नसलेल्या ओव्या कोणी भाविकाने मागाहून घुसडल्या आहेत का? ज्ञानेश्वरीत असे अपपाठ शिरले म्हणून तर एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली आणि यापुढे कोणी तीत आपली भर घालू नये असे बजावून ठेवले. महाभारतातला प्रक्षिप्त भाग वेगळा काढण्याचे काम पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले. जुने घड्याळ हीही एक लहानशी पोथीच असते. तिचे मूळ पान कोणते आणि मागाहून डकवलेले कोणते, हे ओळखणे म्हणजेच घड्याळाची पारख.

त्या पोथीचे पहिले पान म्हणजे तबकडी. घड्याळाच्या किमतीचा मोठा हिस्सा तबकडीत असतो, आणि फसवणुकीचाही. पन्नास-साठ वर्षांत तबकडीवर डाग पडतात, रंग पिवळा पडतो, कडेला बुरशीसारखे ठिपके येतात. मग कोणीतरी ती खरवडून पुन्हा रंगवतो. अशी तबकडी लांबून कोरी करकरीत दिसते. परंतु डोळ्याला भिंग लावले की अक्षरे बोलू लागतात. कारखान्यात छापलेल्या अक्षराची कड सुरीने कापल्यासारखी नेमकी असते. रंगवलेले अक्षर जाडसर, किंचित पसरलेले दिसते. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. अगदी तळाशी, सहाच्या खाली 'स्विस मेड' हे शब्द असायला हवेत, ते एकतर गायब असतात किंवा भलत्याच जागी सरकलेले असतात. तबकडीच्या कडेला एखादी बारीक खाच आढळली, तर ती रंगवताना हाती धरण्यासाठी पाडलेली असण्याचा संभव असतो.

या दुरुस्तीकलेत आपल्या मुंबईचे नाव साता समुद्रांपार गेले आहे, पण ते अभिमानाने सांगावे अशा रीतीने नव्हे. जगातले घड्याळांचे शौकीन भडक रंगवलेल्या, चार ठिकाणचे भाग जोडून उभ्या केलेल्या जुन्या स्विस घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मला अंमळ वाईटच वाटले. कारण त्या कारागिराची बाजू कोणी मांडतच नाही. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. सुटा भाग मागवावा तर परवाना कोठून आणायचा? गिऱ्हाईक म्हणे, घड्याळ चालले पाहिजे आणि नव्यासारखे दिसले पाहिजे. घड्याळजीने एका मेलेल्या घड्याळाचे चाक दुसऱ्यात बसवले, तबकडी रंगवली आणि कोणाच्या तरी लग्नातले घड्याळ आणखी वीस वर्षे चालते ठेवले. यात पाप कोठे आहे? पाप आहे ते पुढच्या विक्रेत्याचे, जो त्याच घड्याळाला 'अस्सल, जसेच्या तसे' असे म्हणून किंमत सांगतो. पोथीची झिजलेली पाने पुन्हा लिहून काढणारा लेखनिक वेगळा, आणि आपली ओवी ज्ञानदेवांच्या नावावर खपवणारा वेगळा.

तबकडीनंतर काटे. मिनिटकाट्याचे टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोहोचले पाहिजे. तोकडा काटा बहुधा दुसऱ्याच घरातून दत्तक आलेला असतो. अंधारात चमकणारा रंग तबकडीवर असेल तर काट्यांवरही त्याच छटेचा असावा. येथे एक गंमत आहे. १९५० च्या सुमारास हा रंग रेडियमचा असे. रेडियमची शक्ती निम्मी व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात, पण त्याच्याबरोबर मिसळलेली चकाकणारी भुकटी काही दशकांतच करपून जाते. म्हणून त्या काळचे घड्याळ आज अंधारात ठळक चमकू लागले, तर आनंद न मानता संशय घ्यावा. रंग नवा आहे. आणि चमकत नसले, तरी तो रंग नखाने खरवडू नये. चमक गेली तरी विष गेलेले नसते.

मग केस, म्हणजे घड्याळाचे अंग. पट्टा अडकवायच्या चारही शिंगांच्या कडा पाहाव्यात. कारखान्यातून त्या धारदार येतात. प्रत्येक पॉलिशबरोबर झिजत झिजत साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. चकाकणारे घड्याळ पाहून भुलणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की, ती चकाकी धातू घासूनच आलेली असते आणि घासलेला धातू परत येत नाही.

शेवटी मशीन. मागचे झाकण उघडल्याशिवाय जुने घड्याळ विकत घेणे म्हणजे मुलगी न पाहता सोयरीक जमवणे. झाकण मात्र घड्याळजीकडूनच उघडवावे. आतल्या मशीनवर कंपनीचे नाव, जातीचा क्रमांक आणि बहुधा अनुक्रमांक कोरलेला असतो. तो क्रमांक आणि विक्रेत्याने सांगितलेले साल यांचा मेळ बसतो का ते पाहावे. मग कानाला लावावे. त्या काळच्या पुष्कळशा मशीनची चाल ताशी १८,००० किंवा १९,८०० ठोके असते, म्हणजे सेकंदाला पाच किंवा साडेपाच. हल्ली घड्याळजीकडे या ठोक्यांवरून तोलचाकाचा झोका मोजणारे यंत्र असते. पुरी चावी दिल्यावर झोका २७० ते ३०० अंशांच्या आसपास असला म्हणजे प्रकृती उत्तम. २०० च्या खाली उतरला तर आतले तेल सुकले आहे असे समजावे, आणि सफाईचा खर्च किमतीतून वजा करावा.

एवढे सगळे पाहूनही माणूस फसतो का? फसतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ओमेगा कंपनीचे १९५७ सालचे एक 'स्पीडमास्टर' ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले. ते घेतले होते खुद्द ओमेगाच्याच संग्रहालयासाठी. २०२३ साली कंपनीनेच जाहीर केले की, ते घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून जुळवलेले होते. बापाला स्वतःचा मुलगा ओळखता आला नाही, तिथे आपण कोण?

हे सर्व शास्त्र माझ्यापाशी काही वर्षे कोरडेच पडून होते. त्याचा कस लागला तो आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षकांमुळे. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे वडील बोटीवर नोकरीला होते आणि १९५८ साली एडनच्या बंदरात त्यांनी एक ओमेगा 'कॉन्स्टेलेशन' घेतले होते. मास्तरीणबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा मास्तरांनी ते बाहेर काढले.

"प्रोफेसर, तुम्हांला नाद आहे म्हणून आधी तुम्हांला विचारतो," ते म्हणाले. "पंचवीस हजार द्या. फक्त आठ दिवस थांबा. तबकडी फार कळकट झाली आहे. ती नव्यासारखी रंगवून घेतो आणि मग देतो. तुमच्या हातात असली वस्तू कशी ठेवायची?"

"मास्तर, एवढं मात्र करू नका," मी म्हटले, आणि भिंग काढले.

तबकडी पालथ्या ताटलीसारखी: मधला भाग सपाट आणि कडेकडेने बारा पैलूंनी उतरत गेलेली. चारच्या जवळ तपकिरी डाग, पण अक्षरे रेखीव. सहाच्या वर बसवलेला छोटा तारा जागच्या जागी. काचेच्या मध्यभागी, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही असे, ओमेगा हे इवलेसे ग्रीक अक्षर. पाठीवर वेधशाळेचा घुमट आणि त्यावर आठ तारे, किंचित झिजलेले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे घड्याळजीकडे गेलो. आत तांबूस झळाळीचे मशीन आणि त्यावर एक कोटी साठ लाखांच्या घरातला अनुक्रमांक. १९५८ च्या सुमाराचाच. एक किल्ली तेवढी बदललेली. मूळची दहा पैलूंची असते, ही साधी गोल होती. बाकी सारी पोथी एकहाती.

परतताना रिक्षात मास्तर गप्प होते आणि मीही. पंचवीस हजार मी त्याच संध्याकाळी देऊ शकलो असतो. किंमत त्यांनी सांगितली होती, मी पाडून मागितली नव्हती. व्यवहार चोख झाला असता. पण तासाभरापूर्वी भिंग डोळ्याला लावून जे वाचले, ते मला एकट्यालाच वाचता येत होते. दुसऱ्याच्या पोथीतले आपल्याला कळलेले पान त्याला न सांगता मिटून ठेवणे, हा तरी प्रक्षेपाचाच एक प्रकार नव्हे काय?

"मास्तर," मी म्हणालो, "हे घड्याळ तुम्ही सांगितलेल्या किमतीच्या तिपटीला जाईल. तबकडी रंगवली असती, तर कदाचित तुमच्या पंचवीसलाही गेलं नसतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मग तुम्ही घेणार नाही?"

"मला परवडणार नाही."

मास्तर हसले. "म्हणजे तुम्ही तपासलंत, आणि नापास तुम्हीच झालात!"

मुंबईच्या एका ओळखीच्या संग्राहकाने ते घेतले. किल्ली बदलल्याचे आम्ही होऊन सांगितले, आणि तेवढ्यापुरती किंमत त्याने तिपटीतून कापली. डागासकट तबकडी त्याने आनंदाने स्वीकारली. मास्तरांना शेवटपर्यंत हे काही उमगले नाही. मास्तरीणबाई आता काठीशिवाय दोन जिने चढतात. मास्तरांच्या मनगटावर जुने एचएमटी आहे. ते रोज पाच मिनिटे पुढे जाते आणि रोज सकाळी ते त्याला पाच मिनिटे मागे आणतात.

"इतका खटाटोप करून तुमच्या हाती काय लागलं?" असे सौ. नी विचारले. रिकामे मनगट दाखवण्यापलीकडे मी काही करू शकलो नाही. त्यांनी ते मनगट क्षणभर धरले आणि चहा टाकायला गेल्या. त्यानंतर मोबाइलवरच्या वेळेचा विषय त्यांनी काही दिवस काढला नाही, एवढे मात्र खरे.

दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही कपाटाच्या तळाशी, बटणांच्या आणि परकी नाण्यांच्या डब्यात, आजोबांचे एखादे बंद पडलेले घड्याळ सापडेल. त्याला पॉलिश करू नका, तबकडी उजळू नका, आणि उगाच किल्ली पिळून पाहू नका. मऊ कापडात गुंडाळून जाणत्या घड्याळजीकडे न्या, आणि तो झाकण उघडील तेव्हा समोर बसून राहा. ते विकायचे की ठेवायचे, हे मागाहून ठरवता येईल. आधी त्यात काय लिहिले आहे ते तर वाचून घ्या.