ठिपक्यांच्या अलीकडे : मध्य ऑस्ट्रेलियाची दैनंदिनी

सोमवार, ॲलिस स्प्रिंग्स

इथल्या दुकानांत कपांपासून बूमरँगपर्यंत सगळीकडे ठिपके दिसतात आणि पाहणाऱ्याचा समज होतो की ही चित्रे हजारो वर्षे अशीच काढली जात आहेत. चिन्हे खरोखरच प्राचीन आहेत, कॅनव्हास मात्र अगदी अलीकडचा. १९७१ मध्ये इथून सुमारे २४० किलोमीटरवरच्या पपुन्या वस्तीत जेफ्री बार्डन नावाचे शिक्षक आले. त्यांच्या प्रोत्साहनाने तिथल्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधाच्या मुंग्यांची कथा रंगवली आणि पुढच्याच वर्षी ‘पपुन्या तुला’ ही चित्रकारांच्या मालकीची कंपनी उभी राहिली. त्याआधी ही चिन्हे वाळूवर, अंगावर, लाकडावर काढली जात. वाळूवरचे चित्र विधीनंतर राहत नसे. फळीवरचे राहिले, विकले गेले आणि कोणाच्याही नजरेस पडू लागले. सुरुवातीच्या काही चित्रांत दीक्षा न घेतलेल्यांनी पाहू नये असे काही होते. त्यावर मूळनिवासी समाजांतूनच आक्षेप आले. चित्रकारांनी असा मजकूर वगळला, काही ठिकाणी तो ठिपक्यांखाली झाकला. ठिपक्यांचे हे एकमेव कारण नव्हे. पण पर्यटकाला नुसती सजावट वाटणारी गोष्ट काही वेळा पडद्याचे काम करते, हे यातून कळते. म्हणून मला वाटते, इथल्या कार्यशाळेत शिकण्याजोगा मुख्य विषय रंगकाम नाही. कोणती कथा कोणी रंगवायची, हा आहे.

बुधवार, युलारा

उलुरूजवळच्या या गावात ‘मारुकू आर्ट्स’ या इथल्या मूळनिवासी अनंगू लोकांच्या मालकीच्या संस्थेची कार्यशाळा चालते. चित्रकार स्वतःच्या भाषेत बोलतात, दुभाषा ते इंग्रजीत सांगतो. घोड्याच्या नालासारखी खूण म्हणजे बसलेला माणूस, एकात एक वर्तुळे म्हणजे पाणवठा किंवा मुक्कामाची जागा. पण अर्थ प्रत्येक वेळी संदर्भावर ठरतो. यानंतर शिकणाऱ्याने या खुणा वापरून स्वतःची गोष्ट रंगवायची असते. अनंगूंची ‘चुकुर्पा’, म्हणजे पूर्वजांनी ही भूमी घडवल्याच्या कथा आणि त्यांतून आलेला कायदा, कोणी नकलायला देत नाही. माझ्या मते ही मर्यादाच या कार्यशाळेचे मोल आहे. यावर आक्षेप येतो की दोनेक तासांत कला काय कळणार, हा तर पर्यटनाचा देखावा! कला कळत नाही, हे मान्य. पण इथे कथा विकली जात नाही; चित्रकाराचा वेळ आणि तोंडओळख यांचे दाम मोजले जातात, तेही त्यांच्याच संस्थेत. उलट बाजाराचा अनुभव पाहा. जॉनी वारांगकुला चुपुरुला यांचे सत्तरच्या दशकात १५० डॉलरना विकले गेलेले चित्र १९९७ च्या लिलावात दोन लाख डॉलरच्या वर गेले. पुनर्विक्रीतला वाटा चित्रकाराला देणारी योजना ऑस्ट्रेलियात लागू झाली ती २०१० मध्ये.

गुरुवार, उलुरू

खडकाभोवतीच्या वाटेवर काही पवित्र जागांपाशी छायाचित्र न काढण्याची विनंती करणारे फलक आहेत. इथे दुसरा, अधिक वजनदार आक्षेप आठवतो : ठिपका काय कोणाच्या मालकीचा आहे? वारलीतले त्रिकोण कपबश्यांवर, साड्यांवर पाहिलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही; वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ठिपका कोणाचाच नाही, हे खरेच. वाद आहे तो कथेचा आणि खोट्या ओळखीचा. १९९४ च्या गालिचा खटल्यात व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर मूळनिवासी चित्रकारांची चित्रे परवानगीविना उतरवली होती. न्यायालयाने भरपाई ठरवताना सांस्कृतिक हानीही मोजली, कारण बांडुक मारिका यांच्यासारख्या चित्रकारांना आपल्या कुळाला जाब द्यावा लागतो. चित्र एकटीचे असले तरी कथा कुळाची असते. मग लपवलेल्या अर्थाची कला बाहेरच्याने पाहावीच कशाला, असेही कोणी विचारील. त्याला उत्तर असे, की आपण पाहुणे आहोत हे ओळखून पाहणे म्हणजे कमी पाहणे नव्हे. चित्रकाराने जेवढे उघड केले तेवढ्यावरही रंग, लय आणि भूमीचा नकाशा पुरेसा बोलतो.

तेव्हा कार्यशाळा निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात : संस्था कोणाची, शिकवणारे कोण, आणि ते काय शिकवायला नकार देतात. तिसऱ्या प्रश्नाला उत्तरच नसेल तर तिथे फक्त रंगकामाचा तास मिळेल. आपण रंगवलेला कॅनव्हास घरात खुशाल लावावा. मूळनिवासी कला म्हणून तो विकू मात्र नये. पुढचा मुक्काम उलुरूजवळचा खडकसमूह काता जुता. तिथल्या पुरुषांच्या कथा पाहुण्यांना सांगितल्या जात नाहीत, तरीही ती जागा पाहायला जाणे मला योग्यच वाटते.