पऱ्हाटीचा कोळसा

पिंपळगाव राजाच्या शिवारात कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटून चुलीला लावतात. त्यातल्या पेन्सिलीएवढ्या सरळ काड्या मी निवडतो, साल काढतो आणि झाकणाच्या डब्यात दाटून भरतो. झाकणाला खिळ्याने एक भोक पाडून डबा निखाऱ्यात ठेवायचा. भोकातून धूर यायचा थांबला की बाहेर काढायचा. पण पुरता थंडावल्याशिवाय उघडायचा नाही, नाहीतर हवा लागून काड्यांची राख होते. विलायतेत चित्रांच्या कोळशासाठी विलोच्या काड्या जाळतात. आपल्याला पऱ्हाटी पुरते.

कागद किराणा दुकानातला खाकी. उन्हात रापलेल्या कातडीचा रंग त्यात आधीच असतो. सावलीला कोळसा, उजेडाला पांढरा खडू; बाकी कागद कोराच सोडायचा.

अवघड असते ते पाहणे. माणसाचे डोळे टाळू आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर असतात. पण आपल्याकडे डोक्यावर टोपी, रुमाल नाहीतर पदर असतो. शिकाऊ हात कपड्याखालची कवटी विसरतो, डोळे वर सरकतात आणि चेहरा परका दिसतो. म्हणून मी आधी डोक्याचा घाट धरतो, मग मानेचा कल. सुरकुत्या सगळ्यात शेवटी. नुसत्या सुरकुत्या मोजल्या तर म्हातारपण उतरते, माणूस उतरत नाही.

आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या आजी विचारतात, “माह्या तोंडात काय हाय पाह्यासारखं?” त्यांचा चेहरा आजवर आधार कार्डापुरता टिपला गेलेला असतो. पुढे बहुतेक तोच फोटो मोठा करून, हार घालून भिंतीवर लागतो. जिवंतपणी कुणी अर्धा तास निरखून पाहावे, हा मान त्यांच्या वाट्याला येतच नाही.

कोल्हापूरचे चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी राजेरजवाड्यांची कामे केली, तशीच मुंबईच्या रस्त्यावरची माणसेही मन लावून रेखाटली. वासुदेव कामत यांना 2006 साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर पुरस्कार मिळाला, तो पत्नीच्या व्यक्तिचित्राला. थोर चित्राचा विषय घरातच बसलेला असू शकतो.

तेव्हा कागद घ्या आणि आजच आईला समोर बसवा. चित्र हुबेहूब जमले नाही तरी चालेल. ते तिच्या हाती द्या, आणि खाली तिचे नाव लिहायला विसरू नका.