वॉशिंग्टनचा नवा क्वार्टरबॅक आणि गुणवत्तेची भाषा

अमेरिकन फुटबॉलवर येथे लेख कशाला, असा प्रश्न काही मित्रांना पडेल. पडू द्या. ज्या खेळात ‘अंगमेहनत यांची आणि डोके त्यांचे’ ही वाटणी कित्येक दशके राजरोस चालली, तो खेळ आपल्या विषयाबाहेरचा कसा?

आम्ही तिघे समाजशास्त्राचे एम.ए., तिघेही नागपुरात वस्त्यांमध्ये काम करणारे. चौथा वर्गमित्र नोकरीनिमित्त अमेरिकेत व्हर्जिनियाला असतो. त्याच्या नादाने आम्ही वॉशिंग्टन कमांडर्स या संघाचे चाहते झालो. तिकडे रविवारची दुपार असते तेव्हा इकडे मध्यरात्र होत आलेली असते. मोबाईलवर सामना लावायचा आणि सोमवारी लाल डोळ्यांनी कामावर जायचे, असा 2024 च्या हंगामातला आमचा क्रम. अभ्यासिकेतले एक काका वैतागून म्हणाले, “काहून रे पोट्टेहो, रातभर जागून थो अंड्यावानी बॉल पायता? तिथं आपलं कोण हाय?”

प्रश्न रास्त आहे. आधी खेळ थोडक्यात सांगतो. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अकरा विरुद्ध अकरा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे, नाही जमले तर चेंडू समोरच्यांना. प्रत्येक प्रयत्नात चेंडू बहुधा आधी एका माणसाच्या हाती येतो, तो क्वार्टरबॅक. कोणाकडे फेकायचा, कोणाच्या हाती द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचे, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे. तोवर दीडशे किलोची माणसे त्याला आडवा करायला धावत येतात, आणि त्याच्याच बाजूची पाच धिप्पाड माणसे त्यांना अडवून धरतात. त्या पाचांची नावे सहसा कोणी लक्षात ठेवत नाही. पहिल्या वर्षाच्या खेळाडूला तिकडे ‘रूकी’ म्हणतात.

2023 च्या हंगामात आमचा संघ 17 पैकी 13 सामने हरला. त्याच वर्षी जुन्या मालकाने 605 कोटी डॉलरला संघ विकला होता. 2024 च्या जानेवारीत नव्या मालकांनी कारभारी बदलला, अ‍ॅडम पीटर्स आले. प्रशिक्षक बदलला, डॅन क्विन आले. एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा जेडन डॅनियल्स हा 23 वर्षांचा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक निवडला. मित्राचा फोन आला, “आता बघा, हा पोरगा तारतो की नाही.”

ड्राफ्ट म्हणजे काय, याकडे आपल्या तरुणांनी जरा लक्ष द्यावे. दरवर्षी महाविद्यालयांतून येणारे नवे खेळाडू 32 संघ पाळीपाळीने निवडतात. पहिली पाळी मागच्या वर्षी सर्वांत वाईट खेळलेल्या संघाची आणि शेवटची विजेत्याची. शिवाय दूरचित्रवाणीच्या राष्ट्रीय करारांचा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटला जातो, आणि पगारावर मर्यादा असते; 2024 मध्ये ती प्रत्येक संघाला 25.54 कोटी डॉलर होती. म्हणजे श्रीमंत संघाने सगळे चांगले खेळाडू विकत घ्यायचे, ही सोय नाही. ही व्यवस्था कोणा समाजवाद्याने आणलेली नाही. बर्ट बेल नावाच्या एका संघमालकाने ती 1935 मध्ये सुचवली आणि बाकीच्या मालकांनी मान्य केली. कारण साधे होते. तेच ते संघ दरवर्षी जिंकू लागले तर स्पर्धा उरत नाही आणि तिकीटही खपत नाही.

जगातल्या सर्वांत भांडवली खेळाने मागे पडलेल्याला पहिली संधी देणे हा स्पर्धेचा पाया मानला. वॉशिंग्टनने दुसऱ्या क्रमांकावर डॅनियल्सला घेतले तेव्हा ‘हरणाऱ्यांना बक्षीस कशाला, गुणवत्तेचे काय’ असे कोणी विचारले नाही. हाच युक्तिवाद आपण प्रवेशाच्या रांगेत केला की मात्र लोकांना गुणवत्ता आठवते. अर्थात ड्राफ्टला दुसरी बाजूही आहे. खेळाडूला आपला मालक निवडता येत नाही आणि सुरुवातीचा पगारही ठरावीक असतो. समान संधीचे तत्त्व मालकांनी आपसांत लागू केले, कामगारापर्यंत ते पोहोचलेच नाही. पण तत्त्व म्हणून ते त्यांना मान्य आहे, एवढे तरी लिहून ठेवू.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळतो. 1934 ते 1945 या काळात या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम नव्हता, मालकांची समजूत होती. अलिखित नियम कसे चालतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको. 1946 मध्ये लॉस एंजेलिसच्या संघाने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतले आणि ही बंदी मोडली. मग एकेक संघ बदलत गेला. सर्वांत शेवटी, 1962 मध्ये, बदलला तो आमचा वॉशिंग्टनचा संघ. मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल ऐकेना. शेवटी केनेडी सरकारातले अंतर्गत खात्याचे मंत्री स्टुअर्ट युडॉल यांनी बजावले, की तुमचे नवे स्टेडियम केंद्र सरकारच्या जमिनीवर आहे, भेदभाव चालू ठेवलात तर तेथे खेळता येणार नाही. तेव्हा बॉबी मिचेल संघात आला. हृदयपरिवर्तन वगैरे काही झाले नाही. कायद्याचा बडगा दिसला, म्हणून दार उघडले.

दार उघडले तरी आत जागा कोणती? समाजशास्त्रात याला ‘स्टॅकिंग’ म्हणतात. 1970 मध्ये लॉय आणि मॅकएल्व्होग या अभ्यासकांनी दाखवले, की कृष्णवर्णीय खेळाडू संघात असतात पण कडेच्या जागांवर. जेथे निर्णय घ्यायचा, इतरांना सूचना द्यायच्या, त्या मधल्या जागा गोऱ्यांकडे. पळायला हे, विचार करायला ते. 1968 मध्ये मार्लिन ब्रिस्को डेन्व्हरसाठी क्वार्टरबॅक म्हणून चांगला खेळला; पुढच्या वर्षी दुसऱ्या संघात त्याला चेंडू झेलणारा करून टाकले. वॉरेन मून 1978 मध्ये विद्यापीठाला मोठा किताब जिंकून देऊन आला, तरी ड्राफ्टमध्ये त्याला कोणी विचारले नाही. तो कॅनडात गेला, तेथे पाच अजिंक्यपदे मिळवली, मग या लीगने त्याला बोलावले. ज्याला नाकारले होते त्याचा 2006 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये सन्मान झाला.

एम.ए.ला हे वाचताना आम्हाला बाळू पालवणकर आठवले होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा गोलंदाज हिंदूंच्या संघाला चालत होता, पण कर्णधार म्हणून चालला नाही. धाकटे भाऊ विठ्ठल यांना कर्णधारपद मिळायला 1923 साल उजाडले. घाम चालतो, हुकूम चालत नाही. काका, तिथे आपले कोण आहे, ते असे आहे.

आणि याच वॉशिंग्टनने 1988 च्या जानेवारीत डग विल्यम्सच्या हाती चेंडू देऊन सुपर बोल जिंकला, 42-10. सुपर बोलमध्ये सुरुवातीपासून खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. सर्वांत शेवटी दार उघडणाऱ्या घरातच हा मान आला. मार्शल तोवर हयात नव्हता. असता तर त्याचे तोंड पाहण्यासारखे झाले असते.

डॅनियल्सकडून आशा धरताना आम्हाला भीती मात्र वेगळ्याच माणसामुळे वाटत होती. 2012 मध्येही वॉशिंग्टनने ड्राफ्टच्या दुसऱ्याच क्रमांकावर असाच एक वेगवान कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक घेतला होता, रॉबर्ट ग्रिफिन. त्याच्यासाठी पहिल्या फेरीच्या तीन आणि दुसऱ्या फेरीची एक निवड देऊन टाकली. म्हणजे पुढच्या वर्षांत संघ बांधायची सामग्रीच एका माणसावर उधळली. तो वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला, संघ गटविजेता झाला. डिसेंबरमध्ये गुडघा दुखावला, तरी तो खेळत राहिला. 2013 च्या जानेवारीत सिएटलविरुद्ध खराब मैदानावर तोच गुडघा कोसळला. नंतर तो पूर्वीचा ग्रिफिन कधी झाला नाही. काही वर्षांपूर्वी ज्याच्या नावाचा जयघोष होत होता त्याला 2016 मध्ये संघाने सोडून दिले. मित्र सांगतो, तिकडच्या जुन्या चाहत्यांच्या कपाटात त्याची जर्सी अजून पडून आहे, टाकवतही नाही आणि घालवतही नाही.

तारणहार शोधायची ही सवय आपल्या चळवळीतही कमी नाही. एक तरुण नेता येतो, चांगला बोलतो, आपण त्याला खांद्यावर घेतो. त्याच्याभोवती कार्यालय नाही, हिशेब नाही, दुसरी फळी नाही. त्याचा गुडघा मोडला की आपण म्हणतो, याच्यात दम नव्हता. राजकारणातल्या भक्तीबद्दल बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत दिलेला इशारा आपण जयंतीला फलकावर लिहितो आणि दुसऱ्या दिवशी नवा देव शोधायला निघतो.

म्हणून 2024 मध्ये आम्ही पोराकडे कमी आणि त्याच्या आजूबाजूला जास्त पाहिले. पीटर्स यांनी बॉबी वॅगनर, झॅक अर्ट्झ यांच्यासारखी अनुभवी माणसे आणली. मार्कस मारियोटा हा राखीव क्वार्टरबॅक होता. ऑक्टोबरमध्ये कॅरोलायनाविरुद्ध डॅनियल्सची बरगडी दुखावली तेव्हा मारियोटा उतरला आणि सामना 40-7 असा जिंकला. आमच्या मते हंगामातली खरी खूण ती होती. पण लक्षात राहिला तो पुढचा सामना, शिकागोविरुद्धचा. 12-15 ने मागे, शेवटचा प्रयत्न, डॅनियल्स इकडून तिकडे पळून वेळ काढतो आणि चेंडू आकाशात भिरकावतो. गर्दीत तो कोणाच्या तरी हाताला लागून उडतो आणि मागे उभ्या असलेल्या नोआ ब्राऊनच्या हातात पडतो. 52 यार्ड, 18-15. आपल्याकडे तेव्हा पहाट झाली होती, आमच्या ओरडण्याने शेजारची आजी “काय झालं रे?” करत बाहेर आली. या फेकीला तिकडे ‘हेल मेरी’ म्हणतात, मेरीमातेची प्रार्थना. प्रार्थना कसली! चेंडू उडालाच तर एकाने मागे थांबायचे, हे शिकवलेले असते.

त्या वर्षी संघ 12 सामने जिंकला. डॅनियल्स 891 यार्ड पळाला. पहिल्या वर्षाच्या क्वार्टरबॅकचा ग्रिफिनचा विक्रम मोडला. बाद फेरीत 15 सामने जिंकून आलेल्या डेट्रॉईटला त्यांच्याच घरी 45-31 ने हरवले. उपांत्य सामना आपल्याकडे 26 जानेवारीच्या रात्री होता. सकाळी ध्वजवंदन, दुपारी वस्तीत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन, रात्री दीडला फिलाडेल्फिया. 55-23 ने धुतले आम्हाला. समोरचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स, तोही कृष्णवर्णीय. दोन्हीकडे चेंडू कोणाच्या हाती आहे, हे समालोचनाचा विषयही होत नाही, इथवर गोष्ट आली आहे.

पण हुरळून जाऊ नका. याच लीगने डोक्याला मार लागून आजारी पडलेल्या निवृत्त खेळाडूंना भरपाई देताना काय केले? कृष्णवर्णीय खेळाडूची बुद्धी मुळातच कमी असणार, असे चाचणीत गृहीत धरले. म्हणजे त्याची स्मृती ढासळली हे सिद्ध करणे गोऱ्या खेळाडूपेक्षा अवघड. दोन माजी खेळाडू न्यायालयात गेले आणि 2021 मध्ये लीगला ही पद्धत सोडावी लागली. 1988 मध्ये विल्यम्स जिंकला, 2021 पर्यंत हे गृहीतक कागदावर जिवंत होते. खेळाडूंत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय, पण बहुसंख्य मालकी एकाही कृष्णवर्णीयाकडे नाही. प्रशिक्षकपदासाठी अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे, असा नियम 2003 पासून आहे. मुलाखती होतात. ‘नॉट फाऊंड सुटेबल’ हे शब्द आपल्या ज्या प्राध्यापक मित्रांनी पाहिले आहेत, त्यांना पुढचे सांगायला नको.

नावाचेही तसेच. हा संघ 2020 पर्यंत मूलनिवासींच्या कातडीच्या रंगावरून केलेली शिवी नाव म्हणून मिरवत होता. सुझन हार्जो आणि त्यांचे सहकारी 1992 पासून त्याविरुद्ध लढत होते. प्रायोजकांनी डोळे वटारले तेव्हा ते नाव गेले. 2025 च्या जुलैत अध्यक्ष ट्रम्प म्हणाले, जुने नाव परत आणा, नाहीतर राजधानीतल्या नव्या स्टेडियमच्या कामात मी आडकाठी घालीन. जागा तीच, जी दाखवून युडॉल यांनी मार्शलला नमवले होते. बडगा कोणाच्या हातात आहे, यावर सगळे ठरते.

तरीही आम्ही या संघाच्या बाजूने का? ज्या घराने आपल्यासारख्यांना सर्वांत उशिरा आत घेतले, त्याच घरात आपल्यासारख्याचा हुकूम चालताना पाहायला आम्हाला आवडते. यात थोडा सूड आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही नाकारणार नाही.

2025 च्या हंगामातला पहिला सामना 7 सप्टेंबरला, रात्री साडेदहाला, न्यूयॉर्क जायंट्सशी होता. डॅनियल्सचे दुसरे वर्ष, आणि दुसऱ्या वर्षीच ग्रिफिनची घसरण सुरू झाली होती. मार्चमध्ये संघाने ह्यूस्टनकडून लॅरेमी टन्सिल आणला. क्वार्टरबॅकच्या पाठीमागून येणारा हल्ला थोपवायचा, हे त्याचे काम. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवडही अडवणाऱ्याचीच, ऑरेगनचा जॉश कॉनर्ली. फोनवर मित्र कुरकुरला, एखादा नाव काढणारा खेळाडू घ्यायचा सोडून हे काय घेतले. आम्ही तिघे त्या रात्री पहिल्यांदा निर्धास्त झोपलो.