भिंत एक, पत्ते दोन

शेजार निवडून मिळत नाही, असे जुनी माणसे सांगतात. आडनाव तरी कुठे निवडून मिळते? आमच्या खान्देशात तर ‘ओ पाटील’ अशी हाक मारावी आणि अर्ध्या गल्लीने वळून पाहावे! त्यात शेजारी पाटील, आम्हीही पाटील आणि दोन्ही घरच्या कर्त्या पुरुषांच्या नावाचे पहिले अक्षरही एकच, असा योग जुळून आला म्हणजे बिचाऱ्या पोस्टमनने करावे तरी काय? जळगावात आम्ही राहायला आलो, त्याला आता पाच वर्षे झाली. वडील डाळ मिलमध्ये कामाला आहेत. आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये भिंत एकच. आमचे टपाल त्यांच्याकडे आणि त्यांचे आमच्याकडे, हा प्रकार पहिल्याच महिन्यात सुरू झाला.

तसे पाहिले तर पत्ता चुकू नये म्हणूनच पिन कोड निघाला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांतले पहिले तीन टपालाचा विभाग आणि जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारे पोस्ट ऑफिस. जळगाव ४२५००१, धुळे ४२४००१. गंमत अशी की टपालाचा नकाशा आणि महसुलाचा नकाशा जुळत नाहीत. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, पण त्याचा पिन ४२४१०१, म्हणजे धुळ्याच्या ओळीतला. आणि धुळे जिल्ह्यातले शिरपूर ४२५४०५, म्हणजे जळगावच्या ओळीतले! १९०६ मध्ये सरकारने खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. पोस्टाने ते पुन्हा थोडे मिसळून टाकले, असे म्हणायला हरकत नाही. पण सहा आकडे पत्र पोस्ट ऑफिसपर्यंत आणतात. तिथून पुढे दोन पाटलांतला कोणता, हे त्या आकड्यांना कसे कळावे?

आता आमच्या शेजाऱ्यांविषयी. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणते. एकटेच राहतात. सकाळी अंगण झाडतात, दुपारी रेडिओ ऐकतात, कुणाच्या ओट्यावर बसत नाहीत. त्यांचे पत्र आमच्याकडे आले की आई मला लगेच नेऊन द्यायला सांगायची. अप्पा ते घेत, उलटसुलट करून पाहत आणि विचारत, “पोस्टमनला परत का नाही दिले?” आभार नाही की ‘बस’ म्हणणे नाही. आणि आमचे पत्र त्यांच्याकडे गेले, तर ते आम्हाला कधीच देत नसत. त्यावर मोत्यासारख्या अक्षरात ‘चुकीने मिळाले. योग्य घर पूर्वेकडील शेजारचे’ असे लिहून, ते चौकातल्या लाल पेटीत टाकून येत. ज्या पत्राला भिंतीपलीकडून हात लांबवला तर पुरे, ते पेटीतून पोस्टात, पोस्टातून थैलीत आणि थैलीतून आमच्या दारात, असा तीन-चार दिवसांचा प्रवास करून येई. एक लग्नपत्रिका लग्न लागून गेल्यावर मिळाली, तेव्हा आम्ही हसलो. माझ्या एटीएम कार्डाचे पाकीट पाच दिवसांनी आले, तेव्हाही हसण्यावारी नेले.

पण गेल्या उन्हाळ्यात हसू आटले. धुळे तालुक्यात आमची वडिलोपार्जित अडीच एकर कोरडवाहू जमीन आहे. बांधावरून शेजारच्या शेतकऱ्याशी जुना तंटा. वडिलांनी पैसे जुळवून, फी भरून मोजणीचा अर्ज केला होता. नोटीस आली ती अप्पांकडे, शनिवारी. अप्पांनी शिरस्त्याप्रमाणे शेरा मारला आणि संध्याकाळी पेटीत टाकली. रविवार सुट्टीचा. नोटीस आमच्या हातात पडली बुधवारी दुपारी. मोजणी गुरुवारी सकाळी! वडिलांनी पाकिटावरचा शेरा मला वाचायला लावला आणि ते कपाळाला हात लावून म्हणाले, “दोन्ही घरसनी भीत एक शे, आन् कागदले चार दिन लागतस!” पहाटेच्या एस. टी. ने एरंडोल-पारोळामार्गे ते धुळ्याला गेले, तिथून गावी. वेळेवर पोहोचले म्हणून खुणा त्यांच्यासमोर रोवल्या गेल्या. न पोहोचते तर आमच्या बाजूने बोलायला शेतात कुणीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी ती नोटीस घेऊन अप्पांकडे गेलो. मनात राग होता. अप्पांनी प्रथमच खुर्ची पुढे केली. बोलता बोलता कळले की त्यांची सारी नोकरी आर. एम. एस. मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल खात्यात, भुसावळला झालेली. धावत्या गाडीच्या डब्यात रात्रभर उभे राहून पत्रे खणांत लावायची, थैलीला सुतळी बांधून लाखेचे सील करायचे. भुसावळहून एक फाटा खंडव्याकडे जातो, दुसरा अकोल्याकडे. हात एका खणाने चुकला की पत्र भलत्याच मुलखात!

“पण अप्पा, इथे तर भिंतच आडवी होती,” मी म्हटले.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी आपल्या थोरल्या भावाची हकिगत सांगितली. गावात त्याचे नोकरीचे बोलावणे आले, तेव्हा घरी कुणी नव्हते. शेजाऱ्याने ‘मी देतो’ म्हणून पत्र घेतले आणि विसरला. मुलाखत होऊन आठ दिवस उलटल्यावर ते त्याच्या सदऱ्याच्या खिशात सापडले. भाऊ जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबला. “तेव्हापासून ‘मी देतो’ हा शब्द मी कुणाकडून घेत नाही आणि कुणाला देतही नाही,” अप्पा म्हणाले. वर त्यांनी मला कायदाही ऐकवला. १८९८ च्या डाकघर कायद्यात दुसऱ्याचे टपाल अडवून ठेवण्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती.

मी म्हटले, “तुमच्या भावाचे पत्र खिशात अडकले, आमचे पेटीत अडकले. उशीर तर दोघांनाही झाला.”

अप्पांनी नोटीस हातात घेतली आणि तीवरची तारीख बराच वेळ पाहिली. “पाकीट बंद होते. आत तारीख आहे, हे मला कसे कळणार?” एवढेच बोलले. मी उठून आलो.

चार दिवसांनी अप्पा आमच्या दारात आले. पाच वर्षांत पहिल्यांदाच! एका हातात काळ्या रंगाचा डबा आणि कुंचला, दुसऱ्या हातात चाळीस पानी वही. वडिलांचे नाव विचारून घेऊन त्यांनी आमच्या दारावर घर क्रमांक आणि संपूर्ण नाव रंगवले; नुसती आद्याक्षरे नव्हेत. मग वही उघडली. तारीख, कोणाचे पत्र, कोणी दिले, कोणी घेतले, सही, असे रकाने आखलेले होते. आजपासून पत्र हातोहात द्यायचे, पण नोंद करून! मी मागाहून वाचले की तो जुना कायदा गेला. त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला आणि त्यात ते शिक्षेचे कलम राहिले नाही. अप्पांना हे सांगितले, तर म्हणाले, “कलम गेले असेल. पत्र ज्याचे आहे त्याचेच राहते ना?”

पोस्टाने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला आहे. त्यात सारा देश चार मीटर लांब, चार मीटर रुंद अशा चौकटींत मांडला आहे आणि प्रत्येक चौकटीला दहा अक्षरांकांची खूण आहे. आमचा ओटा आणि अप्पांचा ओटा यांतला फरकही आता कळेल म्हणायचा. अप्पांना त्याचे कौतुक वाटले. वहीच्या मुखपृष्ठावर त्यांनी दोन्ही घरांच्या खुणा माझ्याकडून लिहून घेतल्या.

मी कॉलेजात असताना एकदा आमचे पत्र आले. आई निरक्षर. तिने अंगठा पुढे केला, तर अप्पांनी वही मागे ओढली. “अंगठा चालणार नाही, वहिनी. पोरगा बी. ए. ला आहे. सही शिका. पत्र संध्याकाळी तो आल्यावर देईन.” आई त्या दिवशी फार चिडली होती. वहीत आजवर सतरा नोंदी झाल्या आहेत. शेवटच्या तीन नोंदींपुढे आईची सही आहे. अक्षर अजून रकान्याबाहेर जाते. पण अप्पा त्याला काही म्हणत नाहीत.