वसईचा हिवाळा, सायकलीवरून

“वसईस थंडी ती कसली!” असें आमचे पुण्याचे आप्त दर नाताळांत येऊन म्हणतात, आणि स्वतः मात्र आठ वाजेपर्यंत पांघरुणाबाहेर येत नाहींत. येथें रात्रीं वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. रात्रभर निवालेल्या जमिनीवरून आलेला तो वारा सकाळीं सात वाजतां कसा लागतो, हें सायकलीवर बसल्यावांचून कळावयाचें नाहीं. गेले दोन हिवाळे आम्ही दोघे बंधु घरांतील दोन मुलांना रोज सायकलीवरून वसई गांवांतील शाळेंत पोहोंचवीत आहों. थोरल्या बंधूंची कन्या सहा वर्षांची, ती त्यांच्या मागें बसते. आमचे चिरंजीव चार वर्षांचे, ते आमच्या पुढें.

पहिल्याच वर्षीं आमच्या हातून एक प्रमाद घडला. गिरिजच्या अलीकडेच आम्हांस घाम फुटला, तेव्हां मुलासहि उकडत असेल अशा समजुतीनें आम्हीं त्याची कानटोपी काढून खिशांत घातली. शाळेच्या दारांत उतरवितांना पाहतों तों त्याचीं बोटें बर्फासारखीं गार, आणि ओठांतून शब्द फुटत नाहीं! पायडल मारणारास ऊब येते, नुसता बसणारा गारठतो, ही साधी गोष्ट दोघां पदवीधरांच्या ध्यानांत आली नव्हती. मातोश्रींनीं त्याच दिवशीं सायकली ओटीवर उभ्या करविल्या. त्या आठ दिवस तशाच उभ्या होत्या.

फिनलंडांतील औलू शहरीं मुलें बर्फावरूनहि सायकलीनें शाळेला जातात, हें आम्हीं त्यांना सांगून पाहिलें. “त्यांच्या आयांनीं त्यांना कपडे घातलेले असतात,” एवढेंच उत्तर मिळालें. शेवटीं परवानगी मिळाली ती मातोश्रींच्याच अटींवर: लोकरीचे हातमोजे, पुढें बसणाराच्या छातीवर दुहेरी कापड, अर्ध्या वाटेवर थांबून मानेस हात लावून पाहणें, आणि आऱ्यांत टांच जाऊं नये म्हणून मागील चाकास दोन्ही बाजूंनीं जाळी. ही शेवटची अट आम्हांस सुचावयास हवी होती.

त्या अर्ध्या वाटेवरच्या थांब्यानें मात्र आम्हांस वसई दाखविली. थांबतों तेथें एक बावखल आहे. पावसाचें पाणी सांठवून भोंवतालच्या विहिरींना जिवंत ठेवणारीं हीं जुनीं तळीं. त्यांतलीं कित्येक इमारतींसाठीं बुजविलीं गेलीं. थंड सकाळीं या पाण्यावरून वाफ निघते, आणि “तळ्याचा चहा उकळला” असें चिरंजीव रोज जाहीर करतात. पलीकडे केळीची बाग. येथल्या सुकेळ्यांची कीर्ति वाचकांस ठाऊक असेलच. आमच्या खिशांत त्या दिवसांत तींच असतात. डिसेंबरांत ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या अंगणांत चांदण्या लागतात, गवताचे गोठे मांडले जातात, आणि प्रत्येक गोठ्यापाशीं उतरून गाई मोजल्यावांचून शाळा गांठतां येत नाहीं.

सुटीच्या दिवशीं किल्ल्यापर्यंत जातों. चिमाजीआप्पांनीं १७३९ च्या मे महिन्यांत तो पोर्तुगीजांकडून घेतला, हें आम्हीं सांगूं लागावें, तों मुलांनीं नाकें धरलेलीं असतात. बंदरावर बोंबील वाळत असतात ना! पूर्वजांच्या पराक्रमास असा श्रोता मिळणें कठीणच.

वाड्यांतले रस्ते अरुंद, म्हणून तेथें भय नाहीं. भय आहे तें पापडीच्या मोठ्या रस्त्याचें. २०११ च्या जनगणनेंतच वसई-विरारची वस्ती १२ लाखांवर गेली होती. तितक्यांचें पाणी, विटा आणि वाळू घेऊन जाणाऱ्या गाड्यांना बाजूनें चाललेलें मूल दिसतेंच असें नाहीं. तेवढा तुकडा आम्ही उतरून, सायकली हातांत धरून चालतों. लोक हंसतात.

यंदा कन्येनें नवीनच प्रश्न काढला आहे: तिला मागें बसावयाचें नाहीं, स्वतःची सायकल हवी. थोरले बंधु कांहीं बोलत नाहींत. आम्हीहि गप्प आहों. वहिनींनीं मात्र काल मोठ्या रस्त्याऐवजीं मळ्यामळ्यांतून जातां येईल का, असें विचारलें. या रविवारीं आम्ही ती वाट पाहण्यास जाणार आहों. मातोश्री म्हणतात, आधीं एकटेच जा.